कोर्ट-तुरुंगातलं समाजकार्य: शिकायचं काय, कुठं आणि कशासाठी

प्रश्न: मी जालना जिल्ह्यात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय समाजशास्त्र. कैदी, त्यांची कुटुंबं आणि गुन्ह्यात अडकलेली मुलं यांच्यासाठी काम करायची इच्छा आहे. घरचे म्हणतात, पोलीस भरती दे नाहीतर एलएलबी कर. मी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करू का? त्यात नक्की काय शिकवतात? नोकरी लागते का?

उत्तर:

आधी थोडक्यात. एमएसडब्ल्यू कर. जे शिकवतात त्यातलं निम्मं वर्गाबाहेर शिकवतात. नोकरी लागते, पण पहिली काही वर्षं कंत्राटी असेल असं धरून चाल. मी या क्षेत्रात बावीस वर्षं आहे. सुरुवातीला एका संस्थेतर्फे तुरुंगात, मग कंत्राटावर मुलांच्या कामात, आणि आता विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्याची, म्हणजे वर्गाबाहेर संस्थांत जाऊन करायच्या प्रत्यक्ष कामाची, पर्यवेक्षक. तू माझ्या विद्यार्थिनींच्याच वयाची आहेस, म्हणून अरे-तुरेत लिहिते.

घरच्यांच्या सूचनेत चूक काही नाही, फक्त ती कामं वेगळी आहेत. पोलीस गुन्ह्याचा तपास करतात. आरोपीचा वकील आरोपीच्या बाजूनं बोलतो, सरकारी वकील सरकारच्या बाजूनं. तुला जे काम खुणावतंय ते चौथं आहे: हा माणूस कुठून आला आणि आज सोडला तर संध्याकाळी कुठं जाईल, हे कोर्टाला नीट सांगणारं कुणीतरी लागतं. कायद्यात त्या माणसाला परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) म्हणतात. त्याच्या आजूबाजूला आणखी पुष्कळ जागा आहेत. जिल्हा बाल संरक्षण कक्षातली पदं, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, गुन्ह्यात अडकलेल्या मुलांना ठेवतात त्या निरीक्षणगृहातले समुपदेशक, तुरुंगात काम करणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते, मोफत कायदेशीर मदत पुरवणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक. नावं वेगळी, पण हातातलं काम बरंचसं सारखं.

हे शिक्षण आपल्याकडं नवं नाही. मुंबईत 1936 साली सर दोराबजी टाटा यांच्या नावानं समाजकार्याची शाळा सुरू झाली, तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. सगळे तिला टिस म्हणतात. या संस्थेनं दोन कामं अशी उभी केली की त्यांच्यावरून पुढं बरंच काही शिकलं गेलं. 1984 मध्ये मुंबईत पोलीस यंत्रणेच्या आतच स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला, म्हणजे पोलिसांच्या इमारतीत समाजकार्यकर्तीची खुर्ची आली. आणि 1990 मध्ये ‘प्रयास’ या प्रकल्पानं आर्थर रोड तुरुंगात काम सुरू केलं.

मला मात्र त्याहून जवळचा वाटतो तो पत्रकार शीला बर्से यांचा खटला. मुंबईच्या कोठड्यांमध्ये स्त्रियांना कसं वागवलं जातं याबद्दल त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, आणि 1983 मध्ये निकाल आला. त्यात आपल्या कामाचा भाग असा की न्यायालयानं खरं-खोटं पाहायला मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना सांगितलं: तुरुंगात जा, कैदी स्त्रियांशी बोला, अहवाल द्या. विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी मी हेच सांगते. देशातल्या सर्वांत मोठ्या कोर्टाला डोळे हवे होते, तेव्हा ते एका समाजकार्य महाविद्यालयाकडं आले.

आता अभ्यासक्रमाबद्दल. एमएसडब्ल्यू दोन वर्षांचं. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था, मुंबईत निर्मला निकेतन आणि टिस, नागपुरात मातृसेवा संघाचं आणि तिरपुडे महाविद्यालय, शिवाय विद्यापीठांना जोडलेली जिल्ह्याजिल्ह्यांतली महाविद्यालयं. तुझ्या भागाला जवळचं म्हणशील तर टिसचा तुळजापूरचा परिसरही आहे. टिसच्या प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. गुन्हेशास्त्र आणि न्याय हे विशेषीकरण सगळीकडं मिळत नाही. ते नाही मिळालं म्हणून वर्ष फुकट घालवू नकोस. कुटुंब व बालकल्याण घेऊन क्षेत्रकार्य निरीक्षणगृहात किंवा विधी सेवा प्राधिकरणात मागून घेतलंस तरी तू तिथंच पोचशील. महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नकोस. शेवटच्या वर्षाच्या दोन मुली गाठ आणि विचार: क्षेत्रकार्य कुठं मिळालं, आठवड्याचे किती दिवस जाता, आणि आयसी खरंच होते का?

आयसी म्हणजे पर्यवेक्षकाशी एकट्यानं होणारी बैठक. तू काय केलंस, काय लिहिलंस, त्यात कुठं घसरलीस, हे ओळीवर बोट ठेवून बोलायचं. जिथं आयसी म्हणजे वहीवर सही, तिथली पदवी नुसता कागद. जिथं आयसीत रडू येतं, तिथं शिकायला मिळतं. (मला दोनदा आलं. एकदा वहीवरची शाई पसरली आणि सरांनी ते पान पुन्हा लिहायला लावलं.)

तू विचारलंस, नक्की काय शिकवतात. माझं प्रामाणिक मत सांगते, सगळे सहकारी मान्य करतील असं नाही. या कामाचं शिक्षण म्हणजे मुख्यतः लिहायला शिकणं. करुणा घेऊनच मुलं या क्षेत्रात येतात, ती शिकवावी लागत नाही. शिकवावं लागतं ते पाहिलेलं, ऐकलेलं आणि स्वतःला वाटलेलं यांच्यात कागदावर भिंत घालणं.

विधिसंघर्षग्रस्त बालकाचंच घे, म्हणजे ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे अशा मुलाचं. बाल न्याय अधिनियम 2015 प्रमाणं मुलाला पहिल्यांदा बाल न्याय मंडळासमोर हजर केल्यापासून पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यात किमान एक स्त्री. त्यांच्यापुढं त्या दिवशी इतरही प्रकरणं असतात. तुझा अहवाल त्यांच्या हातात काही मिनिटंच राहतो. तेवढ्यात मूल घरी जाणार की निरीक्षणगृहात राहणार हे ठरताना तो उपयोगी पडला पाहिजे.

माझ्या पहिल्या अहवालात मी लिहिलं होतं: ‘मुलाची आई प्रेमळ असून घरचे वातावरण चांगले आहे.’ मंडळातल्या एका सदस्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, “मॅडम, आई प्रेमळ आहे हे तुम्ही पाहिलंत की तिनं सांगितलं?” मी गप्प. खरं म्हणजे मी पुष्कळ पाहिलं होतं. आई सकाळी पाचला फुलं आणायला बाजारात जायची. मुलगा पकडला गेल्यापासून चार दिवस तिनं धंदा बंद ठेवला होता. त्याच्या शाळेचे तीन वर्षांचे निकाल तिनं पिशवीत जपून ठेवले होते आणि शेजारणीला ती न विचारता ‘आत या’ म्हणाली होती. हे सगळं माझ्या वहीत होतं. अहवालात आला होता तो फक्त ‘प्रेमळ’ हा शब्द, आणि त्या शब्दाचा कोर्टाला काही उपयोग नव्हता. पिशवीतले निकाल उपयोगाचे होते.

तेव्हापासून वहीच्या पानाचे मी तीन रकाने करते. डावीकडं डोळ्यांनी पाहिलेलं, मधे कुणी काय सांगितलं (सांगणाऱ्याचं नातं लिहून), उजवीकडं मला काय वाटतं. अहवालात उजवा रकाना सर्वांत शेवटी आणि सर्वांत लहान. विद्यार्थी वैतागतात, पण महिनाभरात त्यांच्या लक्षात येतं की उजवा रकाना आधी भरला की डावा आपोआप त्याच्या सोयीनं भरला जातो.

मोठ्यांसाठीचा कायदा आहे अपराधी परिविक्षा अधिनियम 1958. अवघी 19 कलमं, एका दुपारी वाचून होतो. त्याच्या सहाव्या कलमाखाली एकवीस वर्षांच्या आतल्या अपराध्याला तुरुंगात पाठवण्याआधी कोर्टानं परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून विचारात घ्यायचा असतो. जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही. कलम 7 म्हणतं की हा अहवाल गोपनीय, पण त्याचा सारांश कोर्ट त्या अपराध्याला सांगू शकतं. म्हणून असा लिहायचा की उद्या त्याच्यासमोर वाचला गेला तरी आपल्याला मान खाली घालावी लागू नये. ‘कुटुंब गुन्हेगारी प्रवृत्तीचे’ असलं वाक्य कुणाच्याही घराबद्दल लिहायचं नाही. आपल्या राज्यात तर हे जास्तच जपावं लागतं. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मावरूनच शिक्का मारला, तो 1952 मध्ये रद्द झाला. सोलापूरला या जमातींना जिथं कोंडून ठेवत त्या तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटची आठवण अजून घराघरांत आहे. तरी पारध्याचं पोर पकडलं की जात आधी कागदावर येते आणि शाळा नंतर. तुझ्या कागदावर शाळा आधी येऊ दे.

दुसरं कौशल्य ऐकायला फार साधं वाटेल: पत्ता शोधणं. एकदा एका मोठ्या तुरुंगात मराठवाड्यातला एक पोरगा भेटला, हॉटेलात भांडी घासणारा. जामीन मंजूर होऊन अडीच महिने झालेले, पण जामीनदार नाही. पत्ता विचारला की फक्त गावाचं नाव सांगायचा, आणि त्या नावाची गावं आपल्याकडं पाच-सहा तरी असतील. पोस्टानं पाठवलेलं पत्र परत आलं होतं. मी विचारलं, “एसटी कुठं थांबते?” म्हणाला, “मारुतीच्या पाराजवळ.” “उतरल्यावर समोर काय?” “किराणा दुकान. बाजूला पिठाची गिरणी.” “गावाच्या आधीचा थांबा कंडक्टर काय नावानं पुकारतो?” ते नाव मिळालं तसा तालुका कळला, आणि तालुका कळल्यावर दुसऱ्या दिवशी त्या दुकानदाराशी फोनवर बोलणं झालं.

इथं थांबून एक गोष्ट लक्षात घे. दुकानदाराला मी ‘तुरुंगातून बोलतेय’ म्हटलं नाही. म्हटलं, “तुमच्या गावातली अमुक बाई, तिचा मुलगा मुंबईला कामाला आहे, त्याचा निरोप आहे, तिला संध्याकाळी फोनवर बोलवाल का?” कारण तो पोरगा सुटून त्याच पारावर उतरणार होता. आईला वर्षभर वाटत होतं की पोरगा गेला. फोनवर ती बराच वेळ काही बोललीच नाही, गिरणीचा आवाज तेवढा येत होता.

पुढं जामिनाचा भाग. आपल्याकडच्या तुरुंगांत दर चार माणसांतली साधारण तीन अजून दोषी ठरलेली नसतात, खटला चालू असलेले न्यायबंदी असतात. यातल्या गरिबांचं घोडं अडतं ते जामीनदारापाशी. रेशनकार्ड, घरपट्टीची पावती किंवा सातबारा, ऐपतीचा दाखला, आणि त्यात ‘स्थानिक’ जामीनदाराचा आग्रह. हा प्रश्न किती जुना आहे बघ. 1978 मध्ये मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या गवंड्याचा भाऊ जामीन राहायला तयार होता, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला नाकारलं, शिवाय रक्कम दहा हजार. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी ती हजारावर आणली. 31 जानेवारी 2023 च्या आदेशात त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की स्थानिक जामीनदाराच्या अटीमुळं माणसं अडकून पडतात. त्या आदेशाप्रमाणं जामीन होऊन सात दिवसांत बंदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिनाभरात जामीनपत्र भरलं गेलं नाही तर कोर्ट स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. हे आदेश तुला कलमासकट तोंडपाठ नसले तरी चालतील, पण त्यांची झेरॉक्स पिशवीत हवी.

नव्या कायद्यांपैकी दोन गोष्टी आत्ताच समजून घे, कारण तू शिकून बाहेर पडशील तेव्हा त्यांचं काम तुझ्याच अंगावर येईल. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479: पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्या न्यायबंदीनं त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्याची. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे पहिलटकराचं एक वर्ष भरलं की अर्ज. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे नाही, आणि एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तरी नाही. यासाठी अधीक्षकानं कोर्टाला लेखी कळवायचं असतं, पण बंद्याची अटकेची तारीख, कलमं आणि दुसऱ्या ठाण्यात नाव आहे का, हे जुळवून कुणीतरी यादी करावी लागते. ते कंटाळवाणं काम आहे. मी पाहिलेल्या कितीतरी भाषणांपेक्षा या यादीनं जास्त माणसं घरी गेली आहेत.

दुसरी गोष्ट समाजसेवेची शिक्षा. भारतीय न्याय संहितेनं ती पहिल्यांदाच शिक्षांच्या यादीत घातली. पाच हजारांच्या आतली पहिली चोरी, तीही वस्तू किंवा किंमत परत केल्यावर, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा, अब्रुनुकसानी अशा मोजक्याच गुन्ह्यांना. लोकांना उपयोगी पडेल असं काम, बिनपगारी, एवढीच त्याची व्याख्या. कुठं, कुणाच्या देखरेखीखाली, किती तास, हे मूळ कायद्यात नाही. नीट राबवलं नाही तर ते एक दिवस झाडू मारतानाचा फोटो काढण्यापुरतं उरेल, आणि त्या फोटोनं माणसाची जेवढी बेअब्रू होईल तेवढी चार दिवसांच्या कोठडीनंही होणार नाही. या विषयावर कुणी मराठीतून प्रबंध लिहायला घेतला तर मी वाट पाहून वाचेन.

एलएलबी? कर, पण नंतर, तीन वर्षांचं, नोकरी करता करता. उलट क्रमानं केलेले माझे ओळखीचे चांगले लोक आहेत, पण त्यांना एक सवय मोडावी लागली: समोरच्याचं बोलणं संपायच्या आत कलम आठवायची. कायदा येत असला तरी एमएसडब्ल्यूवाल्यानं बंद्याला ‘तू सुटशील’ असं कधी सांगू नये. ते वकिलानं सांगायचं, आणि शहाणा वकीलही सांगत नाही. कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलाचा हक्क विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या बाराव्या कलमानं आहे, हे मात्र प्रत्येकाला सांगायचं.

काही गोष्टी महाविद्यालयात क्वचितच शिकवतात. तुरुंगातून चिठ्ठी बाहेर न्यायची नाही, बाहेरून पाच रुपयांची वस्तूही आत न्यायची नाही, मग समोरचा कितीही रडो. एकदा नेलीस की फाटक तुझ्यासाठीच नाही, तुझ्या संस्थेसाठीही बंद होतं. गृहभेटीला पोलिसांच्या गाडीतून जायचं नाही. वस्तीत ‘कोर्टातून आले’ म्हणायचं नाही. मुलाचं नाव, शाळा, फोटो कुठंही जाता कामा नये. बाल न्याय कायद्याचं कलम 74 त्यासाठीच आहे, आणि ते व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसलाही लागू आहे. पीडितेच्या घरचे भेटले तर त्यांच्यासमोर आरोपीची बाजू मांडू नकोस. त्यांचंही ऐक. या कामात एका संध्याकाळी दोन्हीकडचं खरं वाटतं आणि रात्री झोप येत नाही. कुणाशी तरी बोलायची सोय करून ठेव. मी दर शुक्रवारी एका जुन्या सहकारी मैत्रिणीशी बोलते, केसबद्दल कमी आणि भाजीबद्दल जास्त.

नोकरीचं. परिविक्षा अधिकारी, संरक्षण अधिकारी यांसारख्या कायम पदांच्या जाहिराती पुण्याचं महिला व बाल विकास आयुक्तालय काढतं, पण दरवर्षी नाही. म्हणून संकेतस्थळावर नजर ठेव आणि स्पर्धा परीक्षेसारखा अभ्यास कर. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेखाली जिल्हा बाल संरक्षण कक्षात कंत्राटी पदं असतात. मानधन बेताचं, कधी उशिरा. मुंबईत खोली भाड्यानं घेऊन त्यावर भागत नाही, हे घरच्यांना आधीच सांग. आपल्या जिल्ह्यात केलं तर निभतं. स्वयंसेवी संस्थांत शिकायला सर्वांत जास्त मिळतं, पण त्यांचा प्रकल्प संपला की नोकरीही संपते. माझ्या वर्गातल्या तीसपैकी या कामात उरलो आम्ही सात. बाकीचे शिक्षक, बँकेत, दोघी पोलिसांत. पोलिसांतल्या त्या दोघींचा आम्हाला जेवढा उपयोग होतो तेवढा आणखी कुणाचा नाही, हेही तुझ्या वडिलांना सांगायला हरकत नाही.

प्रवेशाला अजून वेळ आहे. तोवर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन विधी स्वयंसेवकाची निवड कधी होते ते विचार. पदवी पूर्ण व्हायची वाट पाहावी लागत नाही. आणि एक दिवस न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बस. तिथलं कामकाज सगळ्यांसाठी खुलं असतं. (बाल न्याय मंडळात मात्र असं जाऊन बसता येत नाही.) वहीचे तीन रकाने कर. बेडीतल्या माणसांकडं कमी बघ, त्यांना बघायला दाराशी कोण आलंय ते जास्त बघ. फोन बंद ठेव आणि डबा बरोबर ने. कोर्टाच्या कँटीनमध्ये दोननंतर चहाशिवाय काही उरत नाही.